गेटवे मेला तर? एका नसलेल्या राउटरची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'बेसिकली' मी बऱ्यापैकी काढून टाकलेत, बाकी जसंच्या तसं ठेवलंय.

तुमच्या कम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एक ओळ असते, 'डीफॉल्ट गेटवे'. बऱ्याच घरांत तिथे १९२.१६८.१.१ असा काहीतरी आकडा दिसतो. त्याचा अर्थ एवढाच, की आपल्या घरातल्या नेटवर्कबाहेर काहीही पाठवायचं असेल तर ते या पत्त्यावरच्या राउटरकडे द्यायचं, पुढचं तो बघेल. आता प्रश्न असा, की तो राउटर मेला तर? शेजारी दुसरा राउटर चालू आहे, त्याला वेगळी लाइन आहे, दिवे हिरवे आहेत. पण तुमच्या कम्प्युटरला त्याचं काही सोयरसुतक नाही. तो इमानदारीत मेलेल्या राउटरच्या दारात पॅकेट टाकत बसतो.

मला हे नेहमी गमतीशीर वाटतं. कारण इंटरनेटच्या कुळाचारातच 'एक वाट बंद झाली तर दुसरीने जा' आहे. १९६४ साली रँड कॉर्पोरेशनमध्ये पॉल बॅरन यांनी विखुरलेल्या नेटवर्कवर अहवालांची एक मालिकाच लिहिली. त्यांनी दाखवलं की सगळी ठिकाणं जोडायला कमीत कमी जेवढे दुवे लागतात त्याच्या तीन-चार पट दुवे टाकले, तर निम्मीअर्धी केंद्रं गेली तरी उरलेली एकमेकांशी बोलू शकतात. पुढे राउटर एकमेकांना वाटा सांगायला शिकले, तुटलेली वाट टाळायला शिकले. मधला सगळा रस्ता हुशार झाला. आणि पहिलं पाऊल, म्हणजे तुमच्या टेबलापासून कपाटावरच्या डब्यापर्यंतचं दहा फुटांचं अंतर, ते तसंच एका दोरीवर लटकत राहिलं.

हे लोकांच्या लक्षात आलं नव्हतं असं अजिबात नाही. १९८२ च्या जुलैमध्ये एमआयटीच्या डेव्हिड क्लार्क यांनी आरएफसी ८१६ लिहिली, ती बिघाड कसा ओळखायचा आणि त्यातून कसं सावरायचं यावरच. (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यात लिहिले जातात ती कागदपत्रं. मागच्या भागांत यावर बोललोय.) त्यांचा विचार साधारण असा, की गेटवे जिवंत आहे की नाही हे कम्प्युटरनेच ओळखावं. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये आली आरएफसी ११२२, इंटरनेटवरच्या प्रत्येक कम्प्युटरने काय पाळलंच पाहिजे याची नियमावली. तिच्यातही हेच: मेलेला गेटवे ओळखा आणि दुसरा धरा. पण सोबत एक बंदी होती. गेटवेला सतत पिंग करून 'आहेस का, आहेस का' असं विचारत बसायचं नाही. शंभर कम्प्युटर एका राउटरला दर सेकंदाला हाक मारायला लागले तर तो कामं कधी करणार? मग ओळखायचं कसं? तर टीसीपीकडून इशारा घ्या, की बराच वेळ पोच येत नाहीये, काहीतरी बिघडलंय.

कागदावर हे उत्तम आहे. पण हे काम पडतं ते प्रत्येक कम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर. कुणी हे नीट लिहिलं, कुणी अर्धवट लिहिलं, कुणी लिहिलंच नाही. आणि त्या काळच्या नेटवर्कवर प्रिंटर होते, टर्मिनल सर्व्हर होते, असली कितीतरी यंत्रं होती ज्यांच्या मेंदूत एक गेटवे मावला तरी पुष्कळ.

अजून काही वाटा होत्या. एक, कम्प्युटरनेच राउटरच्या गप्पा ऐकायच्या, म्हणजे रिप नावाचा प्रोटोकॉल चालवायचा. बर्कलेच्या युनिक्समध्ये यासाठी 'राउटडी' नावाचा प्रोग्रॅम होता. पण रिप दर ३० सेकंदांनी बोलतं आणि १८० सेकंद काहीच ऐकू आलं नाही की मग म्हणतं, गेला वाटतं. तीन मिनिटं! दुसरी वाट १९९१ ची, आरएफसी १२५६, यात राउटर स्वतःच अधूनमधून दवंडी पिटतो की मी इथे आहे. चांगली कल्पना, पण ठरलेले आकडे बघा: दवंडी सात ते दहा मिनिटांतून एकदा, आणि एकदा ऐकलेली दवंडी अर्धा तास खरी धरायची. म्हणजे राउटर दवंडी पिटून लगेच गचकला तर तुमचा कम्प्युटर अर्धा तास त्याच्या भरवशावर. हे आकडे कमी करता यायचे, पण मुळात या दवंडीचा उपयोग मेलेला राउटर ओळखण्यासाठी नव्हताच, ओळख करून घेण्यासाठी होता. तिसरी वाट प्रॉक्सी एआरपीची, तिच्यात शिरलो तर हा भाग संपणार नाही. नंतर डीएचसीपी आलं आणि गेटवेचा पत्ता आपोआप मिळायला लागला, पण तो एकदा मिळाला की मिळाला. राउटर मेल्याचं कळवायला डीएचसीपी येत नाही.

थोडक्यात १९९० च्या सुरुवातीला परिस्थिती अशी, की बँका, शेअर बाजार, विमान कंपन्या आयपी नेटवर्कवर यायला लागल्यात, दोन-दोन राउटर विकत घेतायत, आणि एक बंद पडला की दुसरा शेजारी बसून बघत राहतोय.

इथे सिस्कोमधल्या टोनी ली आणि ब्रूस कोल यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. कम्प्युटरला शहाणं करायचं सोडून द्या. त्याला एकच गेटवे कळतो ना? मग त्याला एकच दाखवा. फक्त तो गेटवे खरा नसू दे.

पोलीस स्टेशनात गेलात तर 'ठाणे अंमलदार' म्हणून कुणीतरी खुर्चीत असतं. सकाळी एक जण, रात्री दुसरा. तुम्ही तक्रार ठाणे अंमलदाराकडे देता, अमुक हवालदाराकडे नाही. ड्यूटी बदलली तरी खुर्ची तिथेच. ली आणि कोल यांनी नेटवर्कमध्ये अशी खुर्ची बनवली. दोन खऱ्या राउटरचे दोन स्वतःचे पत्ते, आणि तिसरा पत्ता कुणाचाच नाही. कम्प्युटरच्या सेटिंगमध्ये हा तिसरा पत्ता टाकायचा. दोघांपैकी जो ड्यूटीवर असेल तो त्या पत्त्याच्या नावाने उत्तर देणार. हाच हॉट स्टँडबाय राउटर प्रोटोकॉल, एचएसआरपी.

यातली खरी खुबी मात्र आयपी पत्त्यात नाही, त्याच्या एक मजला खाली आहे. तुमचा कम्प्युटर राउटरला पॅकेट देतो तेव्हा त्याला राउटरच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता लागतो. तो कळतो एआरपीने, म्हणजे कम्प्युटर ओरडतो 'हा आयपी कुणाचा?' आणि ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता सांगतो. हे उत्तर कम्प्युटर काही काळ लक्षात ठेवतो. आता समजा नुसता आयपी पत्ता पहिल्या राउटरवरून दुसऱ्यावर हलवला. कम्प्युटरच्या डोक्यात मॅक पत्ता जुनाच. पॅकेट पुन्हा मेलेल्याकडेच! म्हणून एचएसआरपीत मॅक पत्ताही खोटा, म्हणजे कुठल्याच खऱ्या कार्डाचा नसलेला, गटासाठी राखून ठेवलेला. ड्यूटी बदलली की नवा राउटर त्याच मॅक पत्त्याने एक फ्रेम पाठवतो. मधला स्विच ती बघून म्हणतो, अच्छा, हा पत्ता आता पाच नंबरऐवजी सहा नंबरच्या पोर्टवर आहे. बदल होतो तो फक्त स्विचच्या वहीत. कम्प्युटरच्या डोक्यातला आयपी तोच, मॅक तोच. त्याला कळतच नाही की समोरचा माणूस बदलला.

दोन राउटर एकमेकांना दर ३ सेकंदांनी 'हॅलो' म्हणतात. १० सेकंद हॅलो आला नाही की दुसरा खुर्चीत बसतो. कोण आधी बसणार ते प्रायॉरिटीच्या आकड्यावर ठरतं, काही सांगितलं नसेल तर १००. सुरक्षेसाठी एक पासवर्ड असतो, जो पॅकेटमध्ये उघडउघड लिहिलेला असतो आणि कुणी बदलला नाही तर तो असतो 'सिस्को'. यावर मी काही बोलत नाही, तुम्हीच हसून घ्या.

एवढी साधी आणि कामाची कल्पना. सिस्कोने २२ एप्रिल १९९४ ला पेटंटसाठी अर्ज केला आणि ५ डिसेंबर १९९५ ला ते मंजूर झालं, अमेरिकन पेटंट क्रमांक ५४७३५९९, नाव 'स्टँडबाय राउटर प्रोटोकॉल'. इथून ही गोष्ट इंजिनिअरिंगची कमी आणि मालकीची जास्त होते.

इतर कंपन्यांनाही हेच हवं होतं. डिजिटलचा स्वतःचा 'आयपी स्टँडबाय प्रोटोकॉल' होता. पण एका कंपनीचा राउटर दुसऱ्या कंपनीच्या राउटरची ड्यूटी घेऊ शकत नव्हता. मग इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये सगळ्यांसाठी एक प्रोटोकॉल लिहायला घेतला गेला. १९९८ च्या मार्चमध्ये एचएसआरपी आरएफसी २२८१ म्हणून छापली गेली, नुसती माहितीसाठी, आणि त्यातच लिहिलेलं की बाबांनो, यावर पेटंट लागू होऊ शकतं. पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९९८ मध्ये, आली आरएफसी २३३८, व्हीआरआरपी. लेखकांच्या यादीत असेंड, मायक्रोसॉफ्ट, नोकिया, डिजिटल आणि आयबीएमची माणसं. सिस्कोचं कुणी नाही.

व्हीआरआरपी हे एचएसआरपीचं भावंडच. तीच खुर्ची, तोच खोटा मॅक पत्ता, फक्त आकडे वेगळे. पण काही गोष्टी तिथे जास्त नेटक्या केल्यात. यात फक्त ड्यूटीवरचा राउटर बोलतो, दर सेकंदाला एकदा. बाकीचे गप्प ऐकतात. आणि पॅकेटचा टीटीएल २५५ असलाच पाहिजे. पॅकेट एका जरी राउटरमधून पुढे गेलं तरी टीटीएल एकने कमी होतो, म्हणजे २५५ असेल तर ते याच खोलीतून आलंय हे नक्की. बाहेरून कुणी खोटं पॅकेट घुसवू शकत नाही.

आणि यातलं मला सगळ्यात आवडणारं एक छोटं गणित. मुख्य राउटर गेला तर राखीव राउटर किती वेळ थांबतो? तीन सेकंद अधिक थोडासा उशीर, आणि तो उशीर म्हणजे २५६ मधून प्रायॉरिटी वजा करायची आणि २५६ ने भागायचं. प्रायॉरिटी १०० असेल तर ०.६१ सेकंद, म्हणजे एकूण ३.६१. प्रायॉरिटी २०० असेल तर ३.२२. दोन राखीव राउटर असतील तर २०० वाला आपोआप आधी जागा होतो आणि दुसऱ्याला बोलायची वेळच येत नाही. मतदान नाही, चर्चा नाही.

बरं, प्रमाण नियम आला, मग मिटलं? नाही. सिस्कोची भूमिका अशी की व्हीआरआरपीमध्येही आमच्या पेटंटातली कल्पना आहे, वाजवी अटींवर परवाना घ्या. मोठ्या कंपन्यांना हे चालतं. त्यांच्याकडेही पेटंटं असतात, वकील वकिलांशी बोलतात. पण जे लोक सॉफ्टवेअर फुकट वाटतात ते परवाना कुणाच्या नावाने घेणार? आपला कोड उद्या कोण वापरेल हेच त्यांना माहीत नसतं.

ओपनबीएसडी हा असाच प्रकल्प, सुरक्षेच्या बाबतीत कमालीचा कर्मठ. त्यांच्याकडे पीएफ नावाचं उत्तम फायरवॉल होतं आणि त्यांना दोन फायरवॉल जोडीने चालवायची होती. ते सांगतात की २००२ मध्ये सिस्कोच्या वकिलांनी त्यांना स्पष्ट कळवलं, व्हीआरआरपी लिहिलंत तर आम्ही आमचे हक्क सोडणार नाही. मग त्यांनी वेगळाच प्रोटोकॉल बनवला, कार्प. १ मे २००४ ला ओपनबीएसडी ३.५ सोबत तो बाहेर पडला. रचना मुद्दाम वेगळी ठेवली आणि प्रत्येक पॅकेटवर गुप्त किल्लीने केलेली सही टाकली, म्हणजे उघड्या पासवर्डची भानगड नाही. कार्प हे माशाचंही नाव, आपले रोहू-कटला याच कुळातले. ओपनबीएसडी प्रत्येक आवृत्तीसोबत एक गाणं काढत असे, या वेळी त्यांनी मॉन्टी पायथनच्या मासा पाळायचं लायसन्स मागणाऱ्या जुन्या प्रहसनाची नक्कल करून सिस्कोची आणि नियमवाल्यांची यथेच्छ टिंगल केली.

नियमवाल्यांची का? तर प्रत्येक प्रोटोकॉलला एक क्रमांक लागतो आणि तो आयना ही संस्था देते. ओपनबीएसडीने मागितला, त्यांना सांगण्यात आलं की आधी रीतसर प्रमाण प्रक्रियेतून या. त्यांनी सरळ ११२ हा क्रमांक घेतला, जो आधीच व्हीआरआरपीचा होता. मॅक पत्तेही त्याच मालिकेतले. त्यामुळे आजही एकाच नेटवर्कवर कार्प आणि व्हीआरआरपी चालत असतील आणि दोन्हीकडे गटाचा क्रमांक एकच पडला, तर दोन वेगळ्या खुर्च्यांवर एकच पाटी लागते आणि भलताच गोंधळ होतो. पेटंटच्या बाबतीत माझी सहानुभूती पूर्णपणे ओपनबीएसडीकडे आहे. पण हा क्रमांकाचा हट्ट? त्यात पेटंटवाल्यांना काहीच झळ लागली नाही, भोगतोय तो बिचारा नेटवर्क सांभाळणारा.

सिस्कोचं ते पेटंट २०१४ मध्ये मुदत संपून गेलं. मधल्या काळात लिनक्सवर किपअलाइव्हडी नावाच्या प्रोग्रॅममधून व्हीआरआरपी चालतच होतं, आणि आज ते मायक्रोटिकच्या स्वस्त राउटरमध्येही आहे.

म्हणून मी गेल्या वर्षी साताऱ्यात एका मित्राच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ते बसवलं. तिथे चार कम्प्युटर, एक फायबर, एक फोरजीचा राउटर. फायबर गेलं की रिसेप्शनवरची ताई केबल काढून दुसऱ्या डब्यात लावायची आणि तोपर्यंत डॉक्टरांचे फोन, रिपोर्ट कुठेय म्हणून. ओपनडब्ल्यूआरटी टाकलेले दोन छोटे राउटर घेतले, तिसरा पत्ता ठरवला, कम्प्युटरना तोच गेटवे दिला. पिंग चालू ठेवून पहिल्याचा प्लग उपटला. चार पिंग गेले, पाचवा आला. ताई म्हणाली, "एवढंच?"

एवढंच नव्हतं, कारण राउटर मरणं ही तिथली नेहमीची तक्रारच नव्हती. राउटर जिवंत, पण पलीकडची लाइन मेलेली, हे जास्त व्हायचं. अशा वेळी मुख्य राउटर आनंदाने 'मी आहे' म्हणत राहतो. त्यासाठी किपअलाइव्हडीला एक छोटी स्क्रिप्ट द्यावी लागते, बाहेरचे दोन पत्ते तपासणारी. दोन्ही गेले तर प्रायॉरिटी कमी कर आणि खुर्ची सोड. दोनच का? एकच पत्ता ठेवला आणि तोच बंद असला तर उगाच ड्यूटी बदलते. लाइन परत आल्यावर लगेच खुर्ची परत घ्यायची की थोडं थांबायचं, हेही ठरवावं लागतं. मी दोन मिनिटं थांबायला लावलं, कारण फायबर येताना चार वेळा येतं-जातं. आणि हे मित्राला आधीच सांगितलं की ड्यूटी बदलताना अर्धवट अपलोड होत असलेला रिपोर्ट पुन्हा पाठवावा लागेल, कारण दुसऱ्या लाइनवर बाहेरचा आयपी पत्ताच वेगळा असतो. जुनं कनेक्शन तिथे टिकत नाही, प्रोटोकॉल कुठलाही असो.

दोन्ही राउटर अजूनही एकाच स्विचला आणि एकाच इन्व्हर्टरला जोडलेत. स्विच गेला तर सगळंच गेलं, पण दुसरा जुना स्विच कपाटात ठेवलाय आणि तेवढं त्या लॅबला परवडतं. मोठ्यांचंही असंच असतं. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन केबल एकाच दिवशी तुटल्या. दोन्ही मुंबईत येणाऱ्या. कागदावर दोन वाटा होत्या, पण समुद्रात त्या शेजारून जात होत्या, आणि भारतातलं इंटरनेट त्या आठवड्यात रांगत होतं.

आयपीव्ही६ बद्दल दोन वाक्यं, कारण कुणीतरी विचारणारच. तिथे राउटरची दवंडी नियमातच आहे आणि शेजारी जिवंत आहे का हे कम्प्युटर स्वतः तपासतो, म्हणजे डेव्हिड क्लार्क यांची जुनी इच्छा पूर्ण झाली म्हणा. पण ठरलेल्या आकड्यांनी मेलेला राउटर कळायला साधारण ३८ सेकंद लागतात. म्हणून २०१० मध्ये व्हीआरआरपीची तिसरी आवृत्ती आली, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींसाठी.

आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा लिहिली गेली, आरएफसी ९५६८. दोघांपैकी एक लेखक लिंडेम, जे १९९८ च्या पहिल्या व्हीआरआरपीच्या यादीतही होते. या वेळचा डोळ्यात भरणारा बदल शब्दांचा आहे. ड्यूटीवरच्या राउटरला इतकी वर्षं 'मास्टर' म्हणत होते, तो शब्द काढला. त्याऐवजी आता 'अ‍ॅक्टिव्ह' म्हणायचं. एचएसआरपीत त्याला पहिल्यापासून अ‍ॅक्टिव्हच म्हणतात.